पावसाळी कोकणात गटाने सायकल सफर: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

"पाऊस लागला तर बघू" असं म्हणून निघालेला गट पाऊस लागल्यावर खरोखरच बघत बसतो. दोघं पुढच्या वळणापलीकडे गेलेले असतात, तिघं टपरीवर चहा सांगून मोकळे, एक म्हणतो अजून वीसच किलोमीटर राहिलेत, आणि सगळ्यात मागचा कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नसतं. रेनकोट सगळ्यांकडे भारीतले असतात, पण थांबायचं कधी आणि ते ठरवायचं कोणी, एवढंच ठरलेलं नसतं. म्हणून हा लेख सामानाबद्दल थोडा आणि ठरवाठरवीबद्दल जास्त आहे.

उदाहरणाला मार्ग घेतला आहे पुणे ते पणजी: ताम्हिणी उतरून माणगाव, तिथून हरिहरेश्वर, बागमांडला–वेसवी फेरीने सावित्रीची खाडी, मग हर्णै, दाभोळ–धोपावे फेरी, गुहागर, तवसाळ–जयगड फेरी, गणपतीपुळे, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, रेडी आणि गोवा. घ्याल त्या फाट्यांप्रमाणे साधारण सहाशे किलोमीटर. या एका वाटेवर घाटातली दरड, सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरचा, वारा, खाडीचं उधाण, दुपारची वीज आणि ऊन पडलं की घामाचा चिकचिकाट, सगळं भेटतं.

१. महिना निवडा

पहिल्याच सफरीला जुलै नको. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवसांत चिपळूण पाण्याखाली गेलं आणि महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर कोसळला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या गेल्या. अशा दिवसांत सायकलवाल्यांनी वाटेत असू नये. आपण अडकलो तर आपल्याला काढायला येणारी माणसं तिथल्या गावकऱ्यांच्या वाट्याची असतात.

गौरी-गणपती उरकल्यानंतरचे दिवस नवख्यांना बरे. पाऊस सरीसरीने येतो, ओढे उतरलेले असतात, भातं हिरवीगार असतात. गणपतीच्या आधीचा आठवडा मात्र टाळाच. चाकरमान्यांच्या गाड्या रात्रंदिवस गावाकडे निघालेल्या असतात आणि पावसात, झोपेत, घाईत चालवणाऱ्याला सायकल दिसतेच असं नाही. परतीच्या पावसाची खोड वेगळी. सकाळ लख्ख, आणि दुपारी दोन-तीननंतर गडगडाट. त्यामुळे सप्टेंबरअखेर निघालात तर अर्धा दिवसच आपला, असं धरून चाला.

दिशेचाही विचार करा. मोसमी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो. पुण्याहून गोव्याकडे जाताना तो बराच वेळ उजव्या खांद्यावर आणि तोंडावर बसतो. गटात दमदार मंडळी कमी असतील तर सायकली गाडीने गोव्याला पाठवून उत्तरेकडे येणं शहाणपणाचं आहे. "पुण्याहून गोव्याला सायकलने" हे सांगायला भारी वाटतं खरं, पण वाऱ्याला त्याचं काही पडलेलं नसतं.

२. टप्पे कापा, सुटकेच्या वाटा लिहून ठेवा

कोरड्या दिवसांत तुमचा गट शंभर किलोमीटर करत असेल तर इथे सत्तर धरा. सागरी मार्ग नकाशावर सपाट दिसतो, पण प्रत्येक खाडीपाशी समुद्रपातळीला उतरतो आणि लगेच सड्यावर चढतो. दिवसाला अशा तीन-चार चढण्या आल्या की पाय भरून येतात. पहाटे उजाडताच निघा आणि दुपारी दोनच्या आत मुक्काम गाठा. पाच-सहा दिवसांमागे एक दिवस मोकळा ठेवा. तो विश्रांतीसाठी नाही, पावसाने खाण्यासाठी आहे.

मग प्रत्येक टप्प्यापुढे एक ओळ लिहा: इथून सोडायची वेळ आली तर कुठे जायचं. गुहागरहून चिपळूण, देवगडहून कणकवली, मालवणहून कुडाळ. तिन्ही ठिकाणी कोकण रेल्वेचं स्टेशन आहे. सायकली आणि थकलेली माणसं हलवायला छोटा हत्ती टेम्पो सगळ्यात कामाचा. त्याचा नंबर आदल्या रात्री मुक्कामाच्या घरमालकाकडून घ्यायचा. भर पावसात, रेंज नसताना शोधायला गेलात तर मिळत नाही.

३. थांबायचे नियम घरी लिहा

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. निघण्याच्या आठवडाभर आधी सगळ्यांनी एकत्र बसून नियम लिहायचे, कागदावर. पावसात भिजलेला, मुक्काम जवळ आलेला, सुट्टी संपत आलेला माणूस नीट विचार करत नाही. आणि गटात कोणालाच "मला भीती वाटतेय" म्हणणारा पहिला माणूस व्हायचं नसतं. नियम आधीच लिहिलेला असला की हे कोणाला म्हणावंच लागत नाही.

माझ्या गटात चालतात ते असे.

रेड अलर्टच्या दिवशी सायकल चालत नाही. ऑरेंजला घाट नाही. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर ते कितीही उथळ दिसो, ओलांडायचं नाही. पाणी उतरेपर्यंत थांबायचं किंवा मागे फिरायचं. वीज आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर पक्क्या छपराखाली, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच. पुढच्या सायकलचा मागचा दिवा तीस-चाळीस पावलांवरून दिसेनासा झाला, तर बाजूला. आणि शेवटचा: गटातल्या कोणीही, अगदी सगळ्यात नव्याने, "थांबूया" म्हटलं तर चर्चा थांबल्यावर करायची, चालवताना नाही.

या शेवटच्या नियमावर नेहमी वाद होतो. एखादा म्हणतो, मग दर दहा मिनिटांनी कोणीतरी थांबवेल. तसं होत नाही. उलट सुरुवातीचे दोन दिवस कोणी तोंडच उघडत नाही, आणि लीडरनेच एकदा विनाकारण "थांबूया" म्हणून वाट मोकळी करून द्यावी लागते. मतदान मात्र कधीही नको. मतदानात पाच जण निघायचं म्हणतात, दोघं गप्प बसतात, आणि घाटात अडचण त्या दोघांचीच होते. पुढे जायचं तर सगळ्यांची तयारी हवी, थांबायला एकाचा शब्द पुरे.

लीडर सगळ्यात वेगवान असू नये. वाटेची माहिती असलेला, आणि पाय मधल्या वेगाचे असलेला चांगला.

४. अंदाज वाचायला शिका

हवामान खात्याचे रंग पावसाचे नसून कृतीचे आहेत. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कृती करा. शब्दांनाही ठरलेले आकडे आहेत. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून "जोरदार", ११५.६ पासून "अतिजोरदार" आणि २०४.४ च्या वर "अत्यंत जोरदार". बातम्यांत हे शब्द सैल वापरतात, त्यामुळे खात्याचं मूळ पत्रक बघा. ते जिल्हावार असतं आणि घाटमाथ्याचा इशारा बऱ्याचदा वेगळा दिलेला असतो. पुणे शहराला पिवळा आणि पुण्याच्या घाटाला नारिंगी असं एकाच दिवशी होतं. ताम्हिणी उतरणाऱ्याने दुसरा बघायचा.

रोज दोनदा बघणं पुरे: रात्री जेवणानंतर आणि पहाटे निघताना. दिवसभर तासागणिक ढगांची चित्रं बघणाऱ्याचा फोन दुपारपर्यंत मरतो. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने केलेलं 'दामिनी' ॲप सगळ्यांच्या फोनमध्ये घाला.

समुद्राचा अंदाजही आपलाच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. तेव्हा वरून पाऊस झाला की नद्यांचं पाणी खाडीत शिरायला जागा राहत नाही आणि खालचे रस्ते बुडतात. भरतीची वेळ काढायची कोकणातली सोपी रीत आहे: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी साधारण तीनला पूर्ण भरती. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण खाडीकाठच्या रस्त्याने आत्ता जायचं की चहा पिऊन, एवढं ठरवायला पुरते.

५. सायकल आणि पिशवी

यावर हजारो व्हिडिओ आहेत, म्हणून थोडक्यात. मडगार्ड लावा. दिसायला वाईट दिसतं, पण तुमच्या मागच्याच्या तोंडावर चिखल उडत नाही. टायरमधली हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवा. ब्रेक पॅड नवे बसवा आणि एक जोड बरोबर घ्या. जांभ्याची लाल माती पाण्याबरोबर पॅडमध्ये शिरते आणि एका ओल्या घाटात पॅड निम्मे खाऊन टाकते. चेन रोज संध्याकाळी पुसून तेल. पावसात पंक्चर जास्त होतात, कारण ओली काच रबरात सहज घुसते. ट्यूब माणशी दोन.

पाँचो, म्हणजे डोक्यातून घालायचा सैल रेनकोट, नको. वारा शिरला की तो फुगतो आणि सायकल हातात राहत नाही. भात लावणारी माणसं इरलं घेतात ते वाकून एका जागी काम करायला, आपलं काम वेगळं. अंगाबरोबर बसणारं विंडचीटर घ्या आणि भिजणार हे मान्य करा. दिवसभर कोरडं राहणं जमत नाही. ऊब राहिली की झालं.

कपड्यांचे दोन संच. एक सायकलवरचा, तो ओलाच राहणार. दुसरा रात्रीचा, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गाठ मारून. सकाळी ओली चड्डी अंगावर चढवणं हा सफरीतला सगळ्यात नकोसा क्षण असतो, आणि तेव्हाच तो कोरडा संच घालायचा मोह होतो. घातलात तर त्या रात्री अंगावर काहीच कोरडं राहणार नाही. मांड्यांना व्हॅसलीन, बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे, आणि मागचा लाल दिवा दिवसासुद्धा चालू.

६. रस्त्यावर गट कसा चालतो

दहा-बारा जण असाल तर पाच-सहांचे दोन तुकडे करा. प्रत्येक तुकड्याला पुढे लीडर, मागे स्वीप, म्हणजे कायम सगळ्यात शेवटी राहणारा. स्वीपच्या मागे कोणी नाही, हा नियम लघवीला थांबतानाही मोडायचा नाही. शिवाय जोड्या लावा. प्रत्येकाने फक्त आपल्या जोडीदाराकडे लक्ष ठेवायचं: खातोय का, पाणी पितोय का, नेहमीसारखा बोलतोय का.

कोरड्यात एकमेकांच्या चाकाला चिकटून वारा चुकवतात, तसं पावसात करू नका. मध्ये तीन-चार सायकलींचं अंतर हवं. हात सोडून खुणा करणंही नको, दोन्ही हात हँडलवर आणि आवाज मोठा. "खड्डा डावीकडे", "मागून गाडी", "थांबतोय" एवढे तीन शब्दप्रयोग पुरतात, आणि ऐकणाऱ्याने ते मागच्याला जसेच्या तसे पोचवायचे. पाण्याने भरलेला खड्डा किती खोल ते वरून कळत नाही, म्हणून डबक्यात चाक घालायचं नाही. पांढरे पट्टे, गतिरोधकाचा रंग, पुलांचे लोखंडी सांधे आणि झाडाखालचं शेवाळ यांच्यावर ब्रेक लावू नका, हँडल वळवू नका. सरळ पार व्हा.

फाट्यावर नियम एकच: मागचा दिसेपर्यंत वळायचं नाही. घाटाच्या माथ्यावर आणि पायथ्याला डोकी मोजायची. घाटांत रेंज बऱ्याचदा नसते, त्यामुळे "व्हॉट्सॲपवर टाकतो" ही योजना होत नाही.

७. घाट, सडा आणि खाडी

घाट उतरताना निम्मा जीव ब्रेकमध्ये असतो. रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कड्याला पॅड घासणारा ब्रेक, ओला झाला की पहिला दाब नुसतं पाणी पुसण्यात जातो. चाकाची एक-दोन आवर्तनं होतात, सायकल चार-पाच मीटर पुढे सरकते, मग खरखर असा आवाज येतो आणि पकड लागते. तो आवाज ओळखायला शिका. तो वळणाच्या आधी ऐकू आला पाहिजे, वळणात नाही. म्हणून सरळ उतारावरही अधूनमधून हलके ब्रेक दाबून रिम पुसत राहायचं. डिस्क ब्रेकला एवढा त्रास नाही, पण टायर निसटायचा धोका दोघांना सारखाच.

दरडीची लक्षणं कळतात. धबधब्याचं पाणी अचानक गढूळ होणं, बारीक खडे घरंगळत येणं, रस्त्याच्या कडेला ताजी भेग, डोंगराकडची झाडं किंवा खांब कललेले. यातलं काही दिसलं तर तिथे पाय टेकू नका, फोटो नको, आधी उघड्या जागेत जा. ताजी दरड पडून रस्ता बंद असेल तर सायकल खांद्यावर घेऊन ढिगाऱ्यावरून जाण्याची कल्पना कोणाच्या तरी डोक्यात येतेच. पहिल्या दरडीमागून दुसरी येते, त्यामुळे परत फिरा. वरंधा, आंबेनळी यांसारखे घाट पावसाळ्यात अधूनमधून बंद ठेवतात. आदल्या दिवशी जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन करून विचारलं तर सांगतात.

सड्याबद्दल फारसं कोणी सांगत नाही. रत्नागिरीच्या दक्षिणेला आणि देवगडकडे कातळाचे उघडे सडे आहेत. झाड नाही, घर नाही, आणि समुद्रावरून येणारा वारा आडवा. झोत आला की सायकल एक-दीड फूट बाजूला फेकली जाते. हँडल घट्ट आवळू नका, कोपर सैल ठेवा, अंग खाली करा आणि रस्त्याच्या कडेपासून थोडे आत चाला. मोठी गाडी शेजारून गेली की क्षणभर वारा तुटतो आणि तुम्ही वाऱ्यावर रेललेले असता त्या बाजूला, म्हणजे गाडीकडेच झुकता. गाडी येताना दिसली की वेग कमी करा. खाडीवरच्या लांब पुलांवरही हेच. वारा फारच असेल तर उतरून चालत जा.

विजेच्या बाबतीत सड्यासारखी वाईट जागा नाही, कारण तिथे सगळ्यात उंच तुम्हीच. म्हणून सडे सकाळी उरका. अडकलातच तर पक्कं घर, शाळा, बंद काचांची गाडी चालते. एकट्या झाडाखाली किंवा पत्र्याच्या उघड्या शेडखाली नाही. काहीच नसेल तर सायकलपासून दूर, एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे पडू नका.

फेरीबोट खराब हवेत किंवा जोराच्या ओढीत थांबवतात. जेट्टीवरच्या माणसाशी हुज्जत घालू नका. त्याचं पाण्याशी रोजचं नातं आहे, तुमचं आजचं. जेट्टीच्या उतारावर शेवाळ असतं, तिथे उतरून, सायकल दोन्ही हातांनी धरून, पावलं आडवी टाकत चाला. पाठीवरच्या पिशवीचा छातीचा पट्टा बोटीत सोडून ठेवा.

आणि वाहतं पाणी. फरशीवरून, म्हणजे ओढ्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, अर्धा फूट पाणी जोरात वाहत असेल तर उभा माणूस पडू शकतो. सायकल बरोबर असेल तर पाण्याला धरायला आणखी जागा. गावातला कोणी "जातंय, जातंय" म्हणाला तरी तो ट्रॅक्टरवर असतो.

८. अंग काय सांगतं

कोकणात थंडी कसली, असं वाटतं. ताम्हिणीच्या माथ्यावर घामाने आणि पावसाने चिंब होऊन थांबा आणि मग पंधरा मिनिटं पॅडल न मारता उतरा, मग कळतं. आधी दात वाजतात, मग बोटं वळत नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीची गाठ सुटत नाही, ब्रेक दाबताना किती दाबला ते कळत नाही. हा टप्पा आला की उतरणं थांबवायचं. ओले कपडे बदला, डोकं-मान झाका, गरम आणि गोड काहीतरी पोटात घाला. उतरण्याआधीच छातीवर वर्तमानपत्राची घडी घालायची जुनी युक्ती अजूनही छान चालते. कुडकुडणं थांबलं पण माणूस गोंधळल्यासारखा बोलतोय, अडखळतोय, तर ते बरं होणं नव्हे. १०८ ला फोन करा आणि तोवर कोरडं, उबदार ठेवा.

ऊन पडलं की उलटा प्रकार. हवा इतकी दमट असते की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. पावसात तहान लागत नाही म्हणून सकाळभर पाणी प्यायलेलं नसतं, त्यात हे. तहानेची वाट न बघता तासाला अर्धा लिटर घ्या. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरचं ओआरएस, चमचा चहाचा. वाटेत कोकम सरबत, ताक, मिळेल ते चिमूटभर मीठ घालून. डोकं दुखणं, मळमळ, पेटके म्हणजे सावलीत थांबायची वेळ. अंग भाजतंय आणि बोलणं असंबद्ध होतंय तर तो उष्माघात: पाण्याने भिजवा, वारा घाला आणि दवाखाना गाठा.

खाणं दर तासाला. केळं, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू. खिशात असं ठेवा की ओल्या हाताने एका हिसक्यात निघेल.

९. मुक्कामी, आणि घरी आल्यावर

मुक्कामी पोचल्यावर आधी सायकल, मग अंघोळ, मग जेवण. उलटा क्रम लावला की सायकल तशीच राहते. बादलीभर पाण्याने चिखल काढा, चेन पुसा, पॅड बघा. रात्री दहा मिनिटं बसून उद्याचा रंग, भरतीची वेळ आणि सुटकेची वाट वाचून दाखवा. आज कोणी थांबवलं असेल तर त्याला चिडवायचं नाही, हे लीडरने बघायचं.

पायांवर जखम किंवा खरचटलेलं असेल तर साचलेल्या पाण्यात उतरण्याआधी झाका. पावसाळी कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गाकडे, लेप्टोस्पायरोसिसचा त्रास होतो आणि तो जखमेतून शिरतो. निघण्याआधी प्रतिबंधक गोळीबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा. घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर "दमलोय" म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना सांगा की कोकणात पुराच्या, चिखलाच्या पाण्यातून गेलो होतो. ते विचारतीलच असं नाही, त्यामुळे आपणहून सांगा आणि गटातल्या बाकीच्यांनाही कळवा.